कोपरा कापायचा नाही

"हे चित्र माझं आहे," असं म्हणून त्या माणसाने द्राक्षाची रिकामी पेटी माझ्या टेबलावर आपटली. ती नेमकी कीबोर्डवर आली आणि समोरच्या पडद्यावर एका लग्नपत्रिकेत वधूच्या नावाआधी कककक करत ओळीच्या ओळी उमटत गेल्या. मी आधी पेटी उचलली, ते सगळे क पुसले आणि मग मान वर केली. घाबरले की मी हातातलं काम जास्तच नीट करते. सवय आहे.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. द्वारकेच्या चौकापासून पाच मिनिटांवर लेबलं आणि पत्रिका छापणारं एक दुकान होतं, तिथे मी कॉम्प्युटरवर बसायचे. आलेला माणूस डिझायनर होता. शहराच्या भारी भागात ऑफिस, चित्रकलेचं कॉलेज केलेलं, बोलणं एरवी अगदी मऊ. पेटी पिंपळगाव बसवंतच्या, द्राक्षं पेट्यांत भरणाऱ्या एका पॅकहाऊसची होती आणि तिच्यावरचं लेबल मी केलेलं. लांब मण्यांचा हिरवा घड, बाजूला एक पान, वर सोनेरी अक्षरं. तसाच घड त्याने पिंपळगावातल्याच दुसऱ्या पॅकहाऊसच्या लेबलावर लावला होता. त्याचं म्हणणं असं, की मी त्याचं लेबल स्कॅनरवर ठेवून घड उचलला.

"तीन दिवस बसून केलेलं काम आहे माझं," तो आमच्या शेठना म्हणाला. "तुमच्या पोरीने तीन मिनिटांत पळवलं."

शेठ माझ्याकडे वळले. "कुठून घेतलंस गं?"

"इंटरनेटवरून. एक साईट आहे शेठ, तिथे जुनी चित्रं फुकट..."

"फुकट!" तो हसला. "किती शिकलीय हो ही?"

"सातवी," मीच सांगून टाकलं. शेठना कशाला त्रास.

"मग बरोबर. हिला काय माहीत, चित्राला मालक असतो ते."

माहीत होतं मला. पण दाखवायला म्हणून मी फाईल उघडली. चित्र होतं, घड होता, पान होतं. खालची कड मात्र सरळ रेषेत कापलेली. हे चित्र कुठल्या पुस्तकातलं, कितवं पान, कुठल्या लायब्ररीने ते सगळ्यांसाठी खुलं केलंय, हे सगळं त्या कडेला छापलेलं होतं. तो भाग मी माझ्याच हाताने उडवला होता.

आमच्या कामात नव्या ऑपरेटरला पहिला धडा कोपरा कापायचा मिळतो. देवाचं चित्र असो, धबधबा असो, गुलाब असो. इंटरनेटवरून उतरवा की कुणाच्या कॅलेंडरवरून स्कॅन करा, खालच्या कोपऱ्यात कुणाचं तरी नाव किंवा शिक्का असतोच. तो आधी उडवायचा आणि मग फाईल ठेवायची. शेठ त्याला आंघोळ घालणं म्हणायचे. "चित्राला आंघोळ घाल आणि टाक फोल्डरात." आमच्याच दुकानात नाही, त्या सगळ्या रस्त्यावर हेच चालायचं. माझा हात त्यात इतका बसला होता की ज्या चित्राचं काहीच लपवायचं नव्हतं, त्यालाही मी आंघोळ घालून मोकळी झाले.

"पुरावा आहे का काही?" शेठनी विचारलं.

"शोधते."

"सोमवारपर्यंत शोध." त्या दिवशी बुधवार होता. शेठनी एकदा दाराकडे पाहिलं. "नाहीतर पुढचं तुला कळतंच."

कळत होतं. त्या दारातून बाहेर म्हणजे माझ्यासाठी परत मळा.

मी सुरगाण्याच्या पलीकडची, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या पाड्यावरची. भात घरात आलं की आमची माणसं द्राक्षाच्या कामाला खाली दिंडोरी-पिंपळगावकडे उतरतात. आधी घडांची विरळणी, मग ते औषधात बुडवणं, मग तोडणी. सातवीला शाळेच्या हजेरीत माझं नाव होतं आणि मी मळ्यात होते. पुढच्या वर्षी आठवीला जायचं कुणी म्हणालं नाही, मीही विषय काढला नाही. काही हंगाम मळ्यात गेले, मग पॅकहाऊसमध्ये पेट्यांवर लेबलं चिकटवायला लागले. तिथे एकदा लेबलांचा गठ्ठा आला तर घड उलटा. देठ खाली, टोक वर. गठ्ठा घेऊन स्वतः शेठच आले होते. मी म्हटलं, "साहेब, घड असा उभा राहत नाही. तो लोंबतो." शेठनी लेबल फिरवून फिरवून पाहिलं. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर जो मुलगा होता त्याने द्राक्षाची बाग बाहेरूनसुद्धा पाहिलेली नव्हती. शेठ म्हणाले, "तू येतेस का दुकानात? मला एक बघणारा डोळा पाहिजे."

आधी कागद कापायला, मग दुपारी रिकाम्या वेळात कॉम्प्युटर शिकायला. शेठनी मला बसायला खुर्ची दिली, हे मी आजही विसरलेले नाही. पुढे मी त्यांच्या तोंडावर जे बोलले ते हे न विसरताच बोलले. घर लांब होतं, दोन एसट्या आणि पुढे दीड तासाची पायवाट. वर्षातून एकदा जाणं व्हायचं. पंचवटीत एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. रोज सकाळी दुकानाचं शटर वर जाताना दिसलं की मला बरं वाटायचं, की चला, अजून आजचा दिवस आहे.

ते चित्र मला मिळालं होतं पॅकहाऊसवाल्या भाऊंमुळे, ज्यांच्याकडे मी आधी लेबलं चिकटवायचे. त्यांना नवीन लेबल हवं होतं. आमच्या फोल्डरातले सगळे घड मी त्यांना दाखवले. भाऊंनी एकेकाला नाक मुरडलं.

"ही दारूची द्राक्षं हायेत. काळी, गोल, गोळ्यांसारखी. माझा माल थॉमसन हाय, लांब मण्याचा. वर एक आन् आत एक, गिऱ्हाईक काय म्हणंल?"

बरोबर बोलत होते. सगळ्या लेबलांवर परदेशातलीच कुठली तरी वाईनची द्राक्षं असायची आणि चिकटवताना आम्ही बायका त्यावर हसायचो. मग मी लांब मण्यांच्या शोधात निघाले. दुकानात इंटरनेट नव्हतं, मागच्या गल्लीत सायबर कॅफे होता. दिवसा तिथे मालकाची आई बसायची. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. मीही त्यांना बाईच म्हणायचे. माझं इंग्रजी म्हणजे पत्रिकेतल्या तारखा आणि कॉम्प्युटरच्या मेनूतले शब्द. जिथे अडायचे तिथे बाई गल्ल्यावरून उठून यायच्या.

त्या दिवशी फिरत फिरत मी एका ठिकाणी पोहोचले, तिथे जुन्या पुस्तकांची पानंच्या पानं होती. हाताने रंगवलेली फळं, पानं, पाखरं. प्रत्येकाखाली तेच दोन इंग्रजी शब्द.

"बाई, इथे पैसे भरायचं बटण दिसत नाही."

"कारण नाहीच आहे." बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि ते दोन शब्द वाचले, पब्लिक डोमेन. "हे बघ. ज्याने चित्र काढलं तो केव्हाच गेला. त्याच्यामागे वारसांचा हक्क असतो काही वर्षं, आपल्याकडे साठ. तीही कधीच सरली. आता हे कुणा एकाचं नाही."

"मग कुणाचं?"

"सगळ्यांचं. तुमच्या गावाला गायरान असतं ना, तसं."

"असतं. पण त्यावर कुणी ना कुणी कुंपण घालतंच, बाई."

बाई मोठ्याने हसल्या. "इथेही घालतात गं. घालू द्यायचं नाही."

मी त्या पानांकडे पाहत राहिले. कुणी तरी कुठल्याशा लायब्ररीत बसून एकेक पुस्तक काचेवर पालथं घातलं असेल, झाकण लावलं असेल, पान उलटलं असेल. स्कॅनरचं काम मी केलंय. पाठ मोडते. ज्याने हे केलं त्याला माझं नाव-गाव माहीत असायचं कारण नाही, पण त्याने दार उघडं ठेवलं आणि माझ्यासारखी आत आली. तिथेच मला तो लांब मण्यांचा घड मिळाला. मी तो सीडीवर घेतला, दुकानात आणला, कोपरा कापला आणि पुन्हा वापरायची म्हणून सीडी पुसून टाकली.

गुरुवारी भाऊंचा फोन आला. डिझायनर त्यांच्याकडेही जाऊन आला होता. भाऊंनी आमच्या लेबलाच्या पेट्या बाजूला ठेवल्या. ऐन हंगाम, बागा उतरत होत्या, आणि छापील पेट्या भिंतीला लावून ठेवलेल्या. शेठचं तोंड दिवसभर उतरलेलं. शुक्रवारी दुपारी ते माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"एक पत्र टाईप कर."

मी नवीन पान उघडलं. शेठ सांगायला लागले. "मी, खाली सही करणार, लिहून देते की... लिहिलंस? ...की सदर द्राक्षाच्या घडाचे चित्र मी मालकाच्या परवानगीशिवाय चोरून..."

माझी बोटं थांबली.

"लिही गं. त्याच्याशी बोलणं झालंय माझं. तू माफी लिहून दिलीस की तो विषय सोडतोय. तुझी नोकरी राहते, भाऊंच्या पेट्या सुटतात. सगळ्यांचं भागतं."

मी लिहिलं. चोरून. पुढे, पुन्हा असे होणार नाही. शेठ म्हणाले, "समास जरा मोठा ठेव, चांगलं दिसतं." मी समास मोठा ठेवला. अक्षर जरा ठळक केलं. प्रिंट काढली. इतकी सुबक माफी त्या रस्त्यावर कुणी छापली नसेल.

"कर सही."

"सोमवार म्हणाला होतात शेठ," मी म्हटलं. "आज शुक्रवार आहे."

कागद मी दुमडला नाही. जसाच्या तसा स्कॅनरच्या झाकणावर ठेवला, त्यांना दिसेल असा.

दुपारचे डबे आम्ही त्या इमारतीच्या जिन्यावर खायचो. चार दुकानांतल्या चार ऑपरेटर. गोष्ट तोवर सगळीकडे झाली होती. समोरच्या पत्रिकेच्या दुकानातली ऑपरेटर माझ्याहून लहान, पण जिभेने मोठी. ती म्हणाली, "करून टाक की सही. सहीला काय लागतं? आमच्याकडे नावं चुकली की दर महिन्याला दोन माफ्या मी देते."

"ही पाड्यावरची," दुसरी म्हणाली. "हिला खरं बोलायची भारी हौस."

"हौस नाही. मी घेतलंच नाही त्याचं."

"अगं, पण फोल्डरात घेतलेली हजार पडलीत ना? त्यांच्यातलंच एक समज आणि माग माफी."

सगळ्या हसल्या. मी डबा झाकला. ती खरं बोलत होती. आंघोळ घातलेल्या त्या हजार चित्रांसाठी कधी कुणी पेटी आपटायला आलं नव्हतं. आणि जे एक चित्र मी उजळ माथ्याने घेतलं, त्याच्यासाठी मला चोर लिहून द्यायचं होतं. मनात आलं, ती म्हणते तसंच करावं, हिशेब फिटला म्हणावं. मग वाटलं, नाही. ज्यांची ती हजार चित्रं घेतली त्यांची माफी मागेन. या माणसाची का? याने स्वतः तरी हा घड कुठून आणला होता?

हा प्रश्न मला तोपर्यंत पडलाच नव्हता. मळ्यात वाढलेल्या माणसाला मऊ बोलणाऱ्याचं सगळं खरंच वाटतं.

शनिवारी मी अर्धा दिवस सुट्टी मागितली. शेठनी दिली. तीही जरा जास्तच सहज दिली, त्याने मला आणखी भीती वाटली. कॅफेत गेले. ती साईट सापडली, पण आत फळांचीच हजारो पानं आणि नावं सगळी न वाचता येणारी. मी एकेक उघडत गेले. पान वरून खाली हळूहळू उतरायचं, अर्ध्यावर यायचं आणि वीज जायची. बाई अंधारात गल्ल्यावरून म्हणायच्या, "गच्चीवर गेलं तर एकलहऱ्याची धुराडी दिसतात. वीज तिथे करतात आणि वापरतं कोण, देव जाणे." वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळपर्यंत मी आंबे पाहिले, सफरचंदं पाहिली, नावं माहीत नसलेली फळं पाहिली. घड नाही.

रविवारी सकाळी पुन्हा गेले. बाईंनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या.

"नाव आठवत नाही, ठीक आहे. मग काय आठवतं?"

"पान आठवतं. घडाच्या आधी अंजीर होतं. मधोमध कापलेलं."

"बरं. आणि नंतर?"

"नंतर पाहिलंच नाही. घड मिळाल्यावर थांबले मी."

"अंजिराला इंग्रजीत काय म्हणतात ते तरी मला येतं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तीन अक्षरं टाईप केली.

सतरा अंजिरं आली. बारावं कापलेलं होतं. मी त्याच्या पुढचं पान उघडलं आणि दोघी पडद्याकडे वाकलो. आधी पिवळट कागद आला. मग देठ. मग पानाची वरची कड, पानात एक वाटोळं भोक, मग मणी, एकेक ओळ करत. आणि सगळ्यात खाली, मी कापलेला तो कोपरा. पुस्तकाचं नाव, पानाचा आकडा, लायब्ररीचा शिक्का. त्याखाली बारीक अक्षरांत दोन ओळी. बाईंनी त्या वाचल्या आणि मराठीत सांगितल्या: या चित्रावर आता कुणाचाही हक्क उरलेला नाही, कुणीही कशासाठीही वापरावं, विचारायची गरज नाही.

"परत वाचा बाई."

त्यांनी परत वाचलं. मी रडले नाही. भूक लागली मला. तीन दिवसांची.

सोमवारी दुकानात शेठ, डिझायनर आणि पिंपळगावहून टेम्पोत बसून आलेले भाऊ, असे तिघे. टेबलावर दोन पेट्या, त्याची आणि माझी. मी मध्ये कॅफेतून आणलेली रंगीत प्रिंट ठेवली, चारही कोपऱ्यांसकट.

"हे पुस्तक माझ्या पणजोबांच्या वेळचं असेल," मी म्हटलं. "तुमचं तीन दिवसांचं काम त्याच्यानंतरचं आहे."

त्याने प्रिंट पाहिली. चेहरा बदलला, पण आवाज तसाच मऊ. "मूळ हे असेल. पण हिने मुळावरून घेतलं कशावरून? माझ्या लेबलावरूनच उचललं असणार. इतकं शोधायची अक्कल..."

पुढचं मी ऐकलंच नाही, कारण पहिल्यांदाच तिन्ही घड एका टेबलावर होते आणि मी पाहत होते. बघणारा डोळा, शेठ म्हणायचे तो.

"पान बघा," मी म्हटलं.

प्रिंटवरच्या पानात भोक होतं. माझ्या पेटीवरच्या पानात भोक होतं. त्याच्या पेटीवरचं पान अखंड, हिरवंगार.

भाऊ वाकले. त्यांनी बोट ठेवलं. "आरं तिच्या! हा तर उडद्यानं खाल्लेला पाला हाय." उडद्या म्हणजे द्राक्षाच्या पानांना भोकं पाडणारा बारका किडा. भाऊंचं त्याच्याशी जन्माचं वैर. "त्या जुन्या माणसानं किड्यासकट काढलंय की. शाबास!"

"तुमच्या लेबलावरून घेतलं असतं," मी डिझायनरला म्हटलं, "तर तुमच्या पानात नसलेलं भोक मी कुठून आणलं?"

त्याने आपली पेटी जवळ ओढली. मग म्हणाला, "साफ केलंय मी ते. डाग काढले, पान बुजवलं. ती मेहनत माझी आहे."

"तुमचीच आहे. बुजवलेलं पान तुमचं. भोकाचं पान कुणाचंच नाही, म्हणून ते माझंही."

"म्हणजे आता माझं लेबल बंद करायला सांगणार?"

"का? तुम्हीही वापरा. तुमचा हक्क माझ्याइतकाच आहे." मी स्कॅनरवरचा माफीचा कागद उचलला आणि त्याच्या पाठकोऱ्या बाजूला त्या पानाचा पत्ता लिहून त्याच्या हातात दिला. "पुढची चित्रं लागली तर इथे मिळतील."

त्याने कागद उलटून पाहिला. त्याने मागितलेली माफी वाचली असेल, मला माहीत नाही. तो गेला.

मला वाटलं होतं आता शाबासकी. भाऊंचाच आवाज चढला. "थांब. म्हंजे माझ्या पेटीवरचं चित्र उद्या कुणीबी लावंल?"

"हो भाऊ."

"मग त्यात माझं काय राह्यलं?"

"आतली द्राक्षं," मी म्हटलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिले, मग हसले, पण पूर्ण नाही हसले.

ते गेल्यावर शेठ म्हणाले, "छान केलंस. आता तो साईटचा पत्ता कुणाला द्यायचा नाही. जिन्यावरच्या बायांना तर अजिबात नाही. दुकानाचा माल आहे तो."

मी पडद्याकडे वळले. पण त्या दिवसापासून कोपरा कापणं मी बंद केलं. वेगळं फोल्डर केलं, त्यात फक्त खुली चित्रं, प्रत्येकाचा पत्ता त्याच्याच नावात. जुन्या फोल्डरातलं चित्र शेठनी सांगितलं तर मी म्हणायचे, "त्याचा मालक माहीत नाही शेठ. दुसरं देते." शेठ वैतागायचे. "आंघोळ घालायला लाज वाटते आता तुला?" "हो," म्हणायचे मी. दुसरं चित्र चांगलं असायचं, म्हणून चालून जायचं.

तरी एक गोष्ट टोचत होती. मी नुसतं घेतच होते. एका रविवारी शेठना विचारून दुकानाचा कॅमेरा घेतला आणि भाऊंच्या पॅकहाऊसमध्ये गेले. लेबलं चिकटवताना माझ्या शेजारी बसणारी एक बाई अजून तिथेच होती. तिला म्हटलं, "घड धर. लोंबता धर." तिने धरला. "माझा हात येतोय गं त्यात, डिंक लागलेला," ती म्हणाली. "येऊ दे," मी म्हटलं. कॅफेतल्या बाईंच्या मदतीने ते फोटो मी एका ठिकाणी चढवले, जिथे लोक आपली चित्रं सगळ्यांसाठी सोडून देतात. अर्जात विचारलं होतं, अटी काय? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काही नाही. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं." फोटोखाली फक्त लिहिलं: थॉमसन, पिंपळगाव बसवंत.

पुढच्या हंगामात भाऊ एक पेटी घेऊन दुकानात आले. या वेळी आपटली नाही, दोन बोटांनी धरून ठेवली, मेलेला उंदीर ठेवावा तशी.

"वळख."

पेटी सांगलीच्या कुणाची तरी होती. लेबलावर लोंबता घड, वर तो डिंक लागलेला हात.

"सांगलीवाल्यांच्या पेटीवर माझ्या पिंपळगावचा घड! आन् माझ्याच बाईचा हात! अगं, द्राक्षात त्यांचं आन् आपलं काय चालतं माहीत नाय का तुला?"

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. शेठनी भाऊंना चहा पाजून कसंबसं वाटेला लावलं. मग दार ओढून घेतलं आणि माझ्यासमोर बसले.

"आता ठरव. ते फोटो काढून टाकायचे, आणि पत्ता कुणाला द्यायचा नाही. नाहीतर इथलं काम सोडायचं. मी दुकान चालवतो, पाणपोई नाही."

घर आठवलं. दोन एसट्या आणि पायवाट. मळ्यातली थंडी, औषधाने सालटं निघालेली बोटं. शेठनी दिलेली खुर्ची माझ्याखाली होती आणि मी तिच्या कडेला सरकले होते.

"शेठ, तुमचे उपकार आहेत," मी म्हटलं. "पण जे मला कुणी न विचारता दिलं, ते मी तुमच्यासाठी लपवणार नाही. विचारेल त्याला पत्ता देणार. मला कामावरून काढायचं असेल तर काढा. मी स्वतःहून उठणार नाही."

आवाज फाटला होता माझा, पण शब्द सगळे बाहेर पडले. इतक्यात काचेचं दार सरकलं आणि समोरच्या पत्रिकेच्या दुकानातली ती ऑपरेटर आत आली. हातात पेन.

"अगं, गिऱ्हाईक बसलंय. जुन्या पद्धतीचा मोर पाहिजे म्हणे, खरा. ती फुकटची साईट सांग ना पटकन." मग तिला शेठ दिसले, आमचे चेहरे दिसले. "नंतर येऊ का?"

"नाही," मी म्हटलं. "लिही."

तिने तळहात पुढे केला. मी शेठकडे पाहिलं नाही. एकेक अक्षर सांगायला लागले आणि ती हातावर गिरवू लागली. चार अक्षरं झाली असतील. शेठनी टेबलावरच्या वाया गेलेल्या कागदांतून एक ओढला आणि तिच्यापुढे सरकवला.

"हातावर नको लिहू," ते म्हणाले. "घामाने पुसतं. आणि तू, जरा हळू सांग तिला."

मी खुर्चीत मागे सरकून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.